स्टेनलेस स्टील फ्लँज

स्टेनलेस स्टील फ्लँज हा औद्योगिक नळ, झडपा, पंप आणि टाक्या एकमेकांस जोडण्यासाठी वापरला जाणारा, गंजरोधक पोलादाचा चकतीसारखा जोडभाग होय. दोन फ्लँज समोरासमोर आणून, त्यांच्यामध्ये गॅस्केट ठेवून आणि कडेच्या छिद्रांतून बोल्ट आवळून जो जोड तयार होतो, त्यास फ्लँज जोड असे म्हणतात. वेल्डिंगने केलेला जोड कायमचा असतो. फ्लँज जोड मात्र आवश्यक तेव्हा उघडता येतो आणि पुन्हा बंद करता येतो. त्यामुळे जेथे झडप बदलणे, पंप काढणे, चाळणी साफ करणे किंवा नळाचा भाग तपासणे अशी कामे वारंवार करावी लागतात, तेथे फ्लँज बसवले जातात. औष्णिक विद्युत केंद्रे, कागद कारखाने, रसायन उद्योग, दुग्धप्रक्रिया, औषधनिर्मिती आणि साखर कारखाने ही त्यांच्या वापराची प्रमुख क्षेत्रे आहेत. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, घुग्घुस आणि बल्लारपूर या औद्योगिक पट्ट्यात वाफ, पाणी, तेल व रसायने वाहून नेणाऱ्या नळांचे मोठे जाळे असून तेथे हा जोडभाग रोजच्या वापरातील आहे.

रचना

फ्लँजच्या मध्यभागी नळाच्या मापाचे भोक असते आणि कडेला एका वर्तुळावर समान अंतराने बोल्टची छिद्रे असतात. छिद्रांची संख्या नेहमी चारच्या पटीत असते. त्यामुळे झडप किंवा वाकण चौथाई फेऱ्याच्या अंतराने फिरवून बसवता येते. गॅस्केट ज्या पृष्ठभागावर टेकते, त्यास फ्लँजचे तोंड म्हणतात. तोंडाचे तीन प्रकार विशेष प्रचलित आहेत.

सपाट तोंड: संपूर्ण पृष्ठभाग एकाच पातळीत असतो. ओतीव लोखंडाच्या ठिसूळ फ्लँजला जोडताना हे तोंड वापरतात, कारण उंचावलेल्या तोंडावर बोल्ट आवळल्यास ओतीव लोखंड वाकून तडकण्याचा संभव असतो.

उंचावलेले तोंड: भोकाभोवतीचा भाग किंचित वर आलेला असतो. बोल्टचा सर्व भार त्या लहान क्षेत्रावर एकवटतो. उद्योगांत हाच प्रकार सर्वाधिक आढळतो.

खोबणीचे तोंड: वर्तुळाकार खोबणीत धातूची कडी बसवली जाते. उच्च दाबाच्या तेल व वायू वाहिन्यांत याचा उपयोग होतो.

उंचावलेले तोंड आरशासारखे गुळगुळीत ठेवत नाहीत. लेथवर त्यावर बारीक वर्तुळाकार किंवा सर्पिल रेघा पाडलेल्या असतात. त्या रेघांत गॅस्केटचा मऊ पदार्थ रुतून बसतो व आडवा सरकत नाही. या रेघांना छेदून गेलेला एखादा खोल ओरखडाही गळतीला वाट करून देऊ शकतो. म्हणून फ्लँज हाताळताना, साठवताना व वाहून नेताना तोंडावर प्लास्टिकचे किंवा लाकडाचे आवरण ठेवण्याची पद्धत आहे.

कार्यतत्त्व

फ्लँज जोडातील गळती बोल्टमुळे थेट थांबत नाही. ती गॅस्केटवरील दाबामुळे थांबते. बोल्ट आवळला की तो अत्यल्प प्रमाणात ताणला जातो व स्प्रिंगप्रमाणे दोन्ही फ्लँज एकमेकांकडे ओढून धरतो. नळात दाब आला की आतील द्रव दोन्ही फ्लँजना एकमेकांपासून दूर लोटू लागतो आणि गॅस्केटवरील भार कमी होतो. हा भार ठरावीक मर्यादेच्या खाली गेल्यास गळती सुरू होते.

या बलाची कल्पना एका उदाहरणावरून येते. ४ इंची नळाच्या जोडात गॅस्केटचा प्रभावी व्यास १३० मिलिमीटर आणि आतील दाब १० बार धरल्यास, फ्लँजना दूर लोटणारे बल सुमारे १३,३०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १,३५० किलोग्रॅम वजनाइतके होते. आठ बोल्टांवर ते समान वाटले गेल्यास प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १७० किलोग्रॅम येते. गॅस्केट दाबून धरण्यासाठी लागणारा भार याहून वेगळा असतो. बोल्ट असमान आवळलेले असतील, तर ही वाटणी बिघडते आणि एका बाजूचे गॅस्केट चिरडले जात असताना दुसरी बाजू सैल राहते.

धातू

पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असल्यास त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ, अदृश्य थर तयार होतो. हा थर खरवडला गेला तरी हवेतील किंवा पाण्यातील ऑक्सिजनमुळे पुन्हा तयार होतो. स्टेनलेस स्टीलच्या गंजरोधकतेचे हेच कारण होय. जर्मनीतील क्रुप कंपनीत १९१२ च्या सुमारास क्रोमियम-निकेल पोलादावर झालेले काम आणि इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये तयार केलेले क्रोमियम पोलाद येथून या धातूचा औद्योगिक इतिहास सुरू झाला.

फ्लँजसाठी मुख्यतः पुढील प्रती वापरल्या जातात.

३०४: सुमारे १८ ते २० टक्के क्रोमियम व ८ ते ११ टक्के निकेल. पाणी, वाफ, तेल, दूध आणि सौम्य रसायनांसाठी.

३१६: यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. क्लोराइडयुक्त पाण्यापासून होणाऱ्या खड्डेदार क्षरणाला ही प्रत अधिक टिकाव धरते.

३०४ एल व ३१६ एल: कार्बनचे प्रमाण सुमारे ०.०३ टक्क्यापर्यंत मर्यादित असते. साध्या प्रतींत वेल्डिंगच्या उष्णतेने, साधारण ४२५ ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, क्रोमियम आणि कार्बन यांचे संयुग कणांच्या सीमांवर जमा होते. तेथील क्रोमियम कमी पडून गंज धरतो. कमी कार्बनच्या प्रतींत हा धोका बराच घटतो.

३२१ व ३४७: यांत अनुक्रमे टायटॅनियम व नायोबियम मिसळलेले असते. ही मूलद्रव्ये कार्बनला बांधून ठेवतात, त्यामुळे या प्रती उच्च तापमानासाठी वापरता येतात.

भारतात भांडी व सजावटीच्या वस्तूंसाठी निकेल कमी व मँगनीज अधिक असलेली २०० मालिकेतील प्रत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. ही प्रत दिसायला ३०४ सारखीच असते आणि लोहचुंबकाने दोहोंतील फरक ओळखता येत नाही. त्यामुळे औद्योगिक खरेदीत केवळ चकाकी किंवा चुंबक यांवर विसंबून न राहता, घानाचा क्रमांक नोंदवलेले परीक्षण प्रमाणपत्र आणि क्ष-किरणांवर चालणाऱ्या हातातील विश्लेषकाने केलेली तपासणी यांवर भर दिला जातो.

प्रकार

वेल्ड नेक फ्लँज: याला निमुळती होत गेलेली मान असते. मान नळाच्या टोकाला वेल्ड केली जाते. ताण हळूहळू नळाकडे जात असल्याने उच्च दाब, उच्च तापमान व कंप असलेल्या ठिकाणी हाच प्रकार पसंत करतात.

स्लिप-ऑन फ्लँज: नळ फ्लँजच्या भोकात सरकवून आतून व बाहेरून वेल्ड करतात. बसवण्यास सोपा व स्वस्त, परंतु वारंवार बदलणाऱ्या भाराला कमी टिकणारा.

सॉकेट वेल्ड फ्लँज: लहान व्यासाच्या नळांसाठी. नळ खाचेत टेकवून थोडा मागे घेतात व मग वेल्ड करतात, म्हणजे उष्णतेने प्रसरण पावण्यास जागा राहते. खाचेतील फटीत द्रव साचून क्षरण होण्याची शक्यता असते.

आट्यांचा फ्लँज: वेल्डिंग करणे धोक्याचे किंवा अशक्य असते तेथे, कमी दाबासाठी.

लॅप जॉइंट फ्लँज: नळाला स्टेनलेस स्टीलचा कॉलर असलेला तुकडा जोडतात व त्यामागे सुटा फ्लँज फिरता राहतो. द्रवाचा स्पर्श केवळ कॉलरला होत असल्याने मागचा फ्लँज साध्या पोलादाचा ठेवून खर्च वाचवता येतो.

ब्लाइंड फ्लँज: मध्ये भोक नसलेली भरीव चकती. नळाचे टोक बंद करण्यासाठी.

ऑरिफिस फ्लँज: यांच्यामध्ये ठरावीक भोकाची पट्टी बसवून दाबातील फरकावरून प्रवाह मोजतात.

मानके व दाबवर्ग

भारतीय उद्योगांत अमेरिकी यांत्रिक अभियंता संस्थेचे ए.एस.एम.ई. बी १६.५ हे मानक सर्वाधिक प्रचलित आहे. त्यात अर्धा इंच ते २४ इंच मापांचे फ्लँज येतात. २६ ते ६० इंच मापांसाठी बी १६.४७ हे मानक आहे. घडीव स्टेनलेस स्टीलसाठी ए.एस.टी.एम. ए १८२ हे धातूविषयक मानक लागू होते आणि त्यानुसार फ्लँजवर एफ ३०४, एफ ३१६ एल अशी अक्षरे ठोकलेली असतात. भारतीय मानक आय.एस. ६३९२ आणि युरोपीय मानक ई.एन. १०९२-१ हेही वापरात आहेत. जुन्या कारखान्यांत व पाणीपुरवठ्यात ब्रिटिश बी.एस. १० या मानकातील टेबल डी व टेबल ई यांचे फ्लँज आजही आढळतात. निरनिराळ्या मानकांचे फ्लँज बाह्यतः सारखे दिसले तरी त्यांची छिद्रे जुळतीलच असे नाही. छिद्रे मोठी करून ते जबरदस्तीने जुळवणे ही गंभीर चूक मानली जाते.

बी १६.५ मध्ये १५०, ३००, ४००, ६००, ९००, १५०० व २५०० असे वर्ग आहेत. वर्गाचा आकडा म्हणजे दाब नव्हे. प्रत्येक वर्गाचा अनुज्ञेय दाब धातू व तापमान यांनुसार बदलतो. ३०४ प्रतीसाठी हे दाब पुढीलप्रमाणे आहेत.

३८ अंश सेल्सिअसपर्यंत: वर्ग १५० साठी १९.० बार, वर्ग ३०० साठी ४९.६ बार
१०० अंश: १५.७ बार, ४०.९ बार
२०० अंश: १३.२ बार, ३४.५ बार
३०० अंश: १०.२ बार, ३०.९ बार
४०० अंश: ६.५ बार, २८.४ बार

सामान्य तापमानाला वर्ग १५० च्या साध्या कार्बन पोलादाच्या फ्लँजला १९.६ बार, तर ३०४ एल च्या फ्लँजला केवळ १५.९ बार दाब अनुज्ञेय आहे. म्हणजेच स्टेनलेस स्टील अधिक महाग असले तरी दाबाच्या बाबतीत ते अधिक बलवान असतेच असे नाही. त्याचे मोल गंजरोधकतेत आहे. केवळ ‘चांगला धातू’ म्हणून साध्या पोलादाच्या जागी त्याच वर्गाचा ३०४ एल फ्लँज बसवल्यास जोडाची क्षमता घटू शकते.

वाफेच्या नळांना याखेरीज १९५० चे भारतीय बॉयलर विनियम लागू होत आले आहेत. त्यांखालील नळ व फ्लँज यांना स्वतंत्र तपासणी व प्रमाणपत्र आवश्यक असते.

निर्मिती

चांगल्या प्रतीचे फ्लँज घडाई करून बनवतात. सळईचा कापलेला तुकडा तापवून घणयंत्राखाली किंवा दाबयंत्राखाली आकारास आणला जातो. घडाईमुळे धातूचे कण आकाराला अनुसरून वळतात व आतील पोकळ्या मिटतात. त्यानंतर तुकडा सुमारे १,०४० अंश सेल्सिअस किंवा अधिक तापमानाला तापवून वेगाने थंड करतात, जेणेकरून क्रोमियमची संयुगे धातूत विरघळून राहतात. पुढे लेथवर तोंड व भोक कापणे, छिद्रे पाडणे, आम्लाने पृष्ठभाग स्वच्छ करणे आणि शेवटी माप, वर्ग, धातू व घानाचा क्रमांक ठोकणे ही कामे होतात. जाड पत्र्यातून कापलेले फ्लँजही बाजारात मिळतात. ब्लाइंड फ्लँज पत्र्यापासून बनवण्यास मानकात मुभा आहे. मानेचा फ्लँज मात्र पत्र्यातून कापलेला चालत नाही. मुंबईतील गिरगाव, खेतवाडी व गुलालवाडी हा परिसर स्टेनलेस स्टीलच्या नळ व जोडभागांच्या व्यापारासाठी ओळखला जातो.

वरोरा व चंद्रपूर जिल्ह्यातील वापर

वरोरा हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण वर्धा–बल्लारशाह लोहमार्गावर वसलेले असून बाबा आमटे यांनी स्थापन केलेल्या आनंदवनामुळे सर्वत्र परिचित आहे. वर्धा खोऱ्यातील दगडी कोळशाच्या इतिहासातही त्याला स्थान आहे. येथील सरकारी खाण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली व १९०६ मध्ये बंद पडली. खाण बंद झाली तरी कोळशावरील उद्योग या परिसरात वाढत राहिले. वरोऱ्याच्या औद्योगिक क्षेत्रात प्रत्येकी ३०० मेगावॉटचे दोन संच असलेले एक आणि प्रत्येकी १३५ मेगावॉटचे चार संच असलेले दुसरे, अशी दोन खासगी औष्णिक विद्युत केंद्रे उभी राहिली. चंद्रपूर येथील महानिर्मितीच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. जुने दोन संच निवृत्त झाल्यानंतर त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे.

औष्णिक केंद्रातील सर्व नळ स्टेनलेस स्टीलचे नसतात. बॉयलरपासून टर्बाइनपर्यंतची मुख्य वाफवाहिनी मिश्र पोलादाची असते व तिचे जोड वेल्ड केलेले असतात, कारण इतक्या दाबाला व तापमानाला उघडता येणारा जोड टाळणे इष्ट असते. राख वाहून नेणाऱ्या नळांना झिजेची अडचण अधिक असते आणि हायड्रोक्लोरिक आम्लासाठी रबराचे अस्तर असलेले नळ लागतात, कारण ते आम्ल स्टेनलेस स्टीललाही खाते. स्टेनलेस स्टीलचे फ्लँज प्रामुख्याने खनिजमुक्त केलेले पाणी, टर्बाइनचे वंगण तेल, जनित्र थंड ठेवणारे शुद्ध पाणी, रसायनांची मात्रा देणारे पंप आणि नमुने घेण्याच्या वाहिन्या येथे आढळतात. या सर्व ठिकाणी गंजाचा एखादा कणही हानिकारक ठरतो. वंगण तेलात मिसळलेला कण टर्बाइनच्या बेअरिंगला ओरखडू शकतो.

बल्लारपूर येथील कागद कारखान्यासारख्या लगदा उद्योगांत गरज वेगळी असते. लाकूड व बांबू शिजवताना वापरलेले अल्कधर्मी द्रावण आणि लगदा पांढरा करणारी क्लोरीनची संयुगे साध्या पोलादाला लवकर खातात. तेथे ३१६ एल सारख्या प्रती लागतात. क्लोरीन डायऑक्साइडच्या टप्प्यात मात्र त्याही अपुऱ्या पडून टायटॅनियमसारखे धातू वापरावे लागतात. पोलादनिर्मितीला लागणारे फेरोमँगनीज व सिलिकोमँगनीज चंद्रपूर येथील भारतीय पोलाद प्राधिकरणाच्या लोहमिश्रधातू प्रकल्पात तयार होते.

हे काम करणारे कुशल कामगार औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील जोडारी, संधाता व कातारी या व्यवसायांतून येतात. वार्षिक देखभालीसाठी संच बंद ठेवला जातो, तेव्हा अल्पावधीत असंख्य जोड उघडून पुन्हा बंद करावे लागतात. अशा वेळी प्रत्येक जोडाला क्रमांक देऊन, तो कोणी व केव्हा आवळला याची नोंद ठेवणे ही मान्य पद्धत आहे.

गॅस्केट व बोल्ट

पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त गॅस्केट सर्रास वापरले जात. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात गेल्यास कर्करोगासह गंभीर आजार होतात. त्यामुळे त्याऐवजी ग्रॅफाइट, टेफ्लॉन किंवा अन्य तंतूंची गॅस्केट वापरली जातात. जुने चिकटलेले गॅस्केट कोरडे घासून काढणे आजही धोकादायक ठरू शकते. अधिक दाबासाठी स्टेनलेस स्टीलची पट्टी व ग्रॅफाइट यांचे सर्पिल गॅस्केट वापरतात. त्याच्या बाहेरील कडीवर धातूनुसार रंग असतो: ३०४ साठी पिवळा, ३१६ एल साठी हिरवा. वापरलेले गॅस्केट पुन्हा बसवू नये, असा सर्वमान्य नियम आहे.

स्टेनलेस स्टीलचे बोल्ट व नट आवळताना आटे एकमेकांना चिकटून जाम होण्याची प्रवृत्ती असते. यासाठी आट्यांना योग्य लेप लावतात. तापमानाचाही विचार करावा लागतो. ३०४ प्रतीचे पोलाद साध्या पोलादाच्या तुलनेत सुमारे दीडपट प्रसरण पावते. त्यामुळे साध्या पोलादाच्या फ्लँजमध्ये स्टेनलेस बोल्ट वापरल्यास नळ तापल्यावर बोल्ट सैल पडू शकतात.

आवळण्याची पद्धत

प्रथम दोन्ही तोंडे स्वच्छ करून, समांतर व एका रेषेत आहेत याची खात्री केली जाते. बोल्ट हाताने बसवून नंतर समोरासमोरच्या जोड्यांत, ताऱ्याच्या आकृतीप्रमाणे, टॉर्क पान्याने आवळतात. पहिल्या फेरीत ठरवलेल्या टॉर्कच्या सुमारे ३० टक्के, दुसऱ्या फेरीत ७० टक्के व तिसऱ्या फेरीत १०० टक्के भार दिला जातो. शेवटी वर्तुळाकार क्रमाने एक फेरी घेऊन प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासतात. पान्याला लांब नळी लावून अंदाजाने आवळल्यास बोल्ट ताणमर्यादेपलीकडे जाऊ शकतो किंवा गॅस्केट चिरडते. दाबाखाली गळणारा जोड तसाच आवळण्याचा प्रयत्न कामगाराच्या जिवावर बेतू शकतो.

बिघाडाची कारणे

गॅस्केटखालील फटीत ऑक्सिजन पोहोचत नसल्याने संरक्षक थर पुन्हा तयार होत नाही व फटक्षरण होते. ताण, क्लोराइड आणि साधारण ६० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमान एकत्र आल्यास ३०४ व ३१६ प्रतींना बारीक भेगा पडतात. या भेगा बाहेरून सहज दिसत नाहीत. स्टेनलेस व साधे पोलाद ओलाव्यात एकत्र जोडल्यास साधे पोलाद वेगाने गंजते. तसेच साध्या पोलादावर वापरलेली तारेची घासणी स्टेनलेस स्टीलवर वापरल्यास लोखंडाचे कण रुतून गंजाचे डाग उमटतात.

अपघात व सुरक्षितता

६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल व वायू उत्पादन मंचावर स्फोट होऊन १६७ जणांचा मृत्यू झाला. दुरुस्तीसाठी एका पंपाची सुरक्षा झडप काढून तिच्या जागी तात्पुरता ब्लाइंड फ्लँज बसवलेला होता. ही माहिती रात्रपाळीपर्यंत पोहोचली नाही आणि तो पंप सुरू करण्यात आला. नीट न आवळलेल्या त्या फ्लँजमधून वायू निसटला असावा, असा निष्कर्ष लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १९९० मध्ये काढला.

९ ऑगस्ट २००४ रोजी जपानमधील मिहामा अणुविद्युत केंद्रात प्रवाह मोजणाऱ्या ऑरिफिसच्या पुढील नळ फुटून उकळत्या पाण्याने व वाफेने पाच कामगार मृत्युमुखी पडले व सहा जखमी झाले. नळ कार्बन पोलादाचा होता. वाहत्या पाण्याने त्याची १० मिलिमीटर जाडीची भिंत वर्षानुवर्षे झिजत गेली होती आणि ती जागा तपासणीच्या यादीतून सुटली होती. पुरेसे क्रोमियम असलेले पोलाद या प्रकारच्या झिजेला फार चांगला प्रतिकार करते.

या अनुभवांतून जोड उघडण्यापूर्वी पाळावयाचे नियम सर्वत्र दृढ झाले आहेत. वाहिनी दाबमुक्त व रिकामी करणे, झडपांना कुलूप घालणे, लेखी परवाना घेणे आणि पाळी बदलताना त्याची माहिती पुढील पाळीला देणे हे त्यांतील मुख्य नियम होत. केवळ झडप बंद असण्यावर विसंबून न राहता मध्ये भरीव चकती बसवली जाते. जोड उघडताना कामगाराने एका बाजूस उभे राहून आपल्यापासून दूरच्या बाजूचे बोल्ट प्रथम सैल करावेत, म्हणजे आत उरलेला दाब त्याच्यापासून उलट दिशेला बाहेर पडतो.